पाच वाजताची मशीन

लिफ्टचा दरवाजा वाजला नाही. मी सवयीने मान आखडून, दात एकमेकांवर दाबून उभी होते, कारण आमच्या लिफ्टची जाळी सरकवली की टोकाला जाऊन ढॅण्ण करून आदळते आणि तो आवाज कानातून न जाता थेट दाढेतून आत शिरतो. जाळी सरकली, टोकाला गेली आणि नुसती टेकली. मी तशीच दात दाबून उभी. मग वाकून पाहिलं तर चौकटीला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवलेली. ब्लेडने सरळ रेषेत कापलेली, कडेने आलेला सोल्यूशनचा ओघळ बोटाने निपटून काढलेला. म्हणजे डॉक्टरांचं काम. आमचे पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, बिल्डिंगचे चेअरमन. दवाखाना बंद करून चार वर्षं झाली, पण हात शिवशिवतात बिचाऱ्यांचे, दिसेल ती फट बुजवत सुटतात. वर त्यांच्याच गोल अक्षरातला कागद: 'दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या मुलीसाठी. जाळी हळू सरकवावी.' 'आपल्या'च्या खाली रेघ. मला आभार वाटायला हवे होते, पण वाटले नाहीत. मला कंटाळा आला होता. बिल्डिंगमधला शेवटचा मोठा आवाज होता तो, आता तोही गेला, आणि आता मला कोणाला तरी जाऊन खरं सांगावं लागणार होतं.

खरं सांगायचं म्हणजे काय, तर एवढंच, की त्या गुरुवारी माझी मुलगी ओरडली नव्हती. पण ते सांगायला वीस दिवस मला जमलं नव्हतं. रोज ठरवायचं, आज सांगू. कामावरून येताना बसमध्ये वाक्यं जुळवायची. साडेतीनला माझी ड्यूटी सुटते. वॉशिंग मशीनच्या कंपनीत तक्रारी ऐकून घेण्याचं काम आहे. कानाला फोन लावून आठ तास बसायचं. लोक म्हणतात, 'बघा मॅडम, हा असा आवाज येतोय,' आणि फोन मशीनजवळ नेतात. मग मी ऐकते आणि सांगते, बेल्ट सैल झालाय, बेअरिंग गेलंय, आत एखादं बटण अडकलंय, माणूस पाठवते. मेकॅनिक जाऊन उघडतो तर तेच निघतं. साहेब नव्या मुलींना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, यांच्यासारखे कान करा. करा बाई करा. दहा वर्षांत हे कान सोललेल्या गुडघ्यासारखे झालेत. घरी आल्यावर बशीत चमचा कोणी ठेवला तरी पाठीत कळ येते. आणि देवाने दिलेली लेक कशी, तर आवाजांवर जगणारी.

तिला आम्ही ठकी म्हणतो. अकरा वर्षांची आहे. बोलत नाही, म्हणजे शब्द बोलत नाही. शाळेच्या फायलीवर 'ऑटिझम' लिहिलंय आणि कंसात 'स्वमग्न'. मला त्या शब्दाचं हसू येतं. दुसऱ्याकडे हिच्याइतकं लक्ष देणारं माणूस या अख्ख्या बिल्डिंगीत नसेल. सव्वाचारला शाळेची गाडी तिला सोडते, तेव्हा लिफ्टची जाळी आदळली पाहिजे. पाचला डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, शिवणकाम करणाऱ्या काकूंची पायमशीन सुरू झाली पाहिजे, ती साडेसहापर्यंत थांबत थांबत चालली पाहिजे. साडेसहाला भिंतीपलीकडचे आजोबा गुळण्या करतात, सात-आठ गुळण्या आणि शेवटी एक लांब, घशात घोळवलेली. सातला पाण्याचा पंप. आठला वॉचमन लोखंडी फाटक ओढतो. एकेक आवाज आला की ही मान हलवते, जणू हजेरी घेतेय, आणि मगच पुढचं काही करते. मशीन सुरू झाली की बिस्किटं खाणार, गुळण्या झाल्या की तोंड धुणार, पंप बंद झाला की जेवणार, फाटक ओढलं की अंथरुणात. घड्याळ कळत नाही हिला आणि घड्याळाला हिने कधी विचारलंही नाही. तिचे बाबा दूरच्या शहरात कामाला, महिन्यातून दोन दिवस येतात, तेव्हा कौतुकाने म्हणतात, 'बघ, कशी शिस्तीची आहे.' दोन दिवसांच्या पाहुण्याला शिस्तच दिसणार.

तो गुरुवार. तसा काही वेगळा नव्हता, हेच सांगायला लाज वाटते. फोन जास्त आले होते. एक बाई चाळीस मिनिटं रडत होत्या, त्यांच्या मशीनला काहीच झालेलं नव्हतं. घरी आले, ठकी आली, आणि तिने डब्याचं स्टीलचं झाकण फरशीवर उभं करून फिरवायला घेतलं. झाकण भिरभिरतं, मग कलतं, मग फरशीवर तडतडत तडतडत खाली बसतं, आणि शेवटच्या क्षणी तो आवाज इतका बारीक आणि इतका जलद होतो की आता थांबेल, आता थांबेल वाटतं. ते थांबायच्या आत ती उचलते. पुन्हा फिरवते. एकदाही पूर्ण थांबू दिलं नाही. वर मशीन. पलीकडे आजोबांचा रेडिओ. लिफ्ट वरखाली. मी दार उघडून बाहेर आले, जिन्यात, नुसती हवा घ्यायला. ती माझ्यामागोमाग झाकण घेऊन आली आणि जिन्याच्या दगडी फरशीवर तिने ते फिरवलं. तिथे ते दुप्पट वाजलं. मी तोंड उघडलं आणि ओरडले. शब्द नव्हता त्यात. एक लांबच लांब आवाज निघाला, तो संपतच नव्हता, आणि मला आठवतंय की तो ऐकताना मी मनात म्हणत होते, बेअरिंग गेलं हिचं. ठकी शांत उभी होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पुढे येऊन दोन बोटं माझ्या गळ्यावर ठेवली, आवाज कुठून येतो ते बघायला. दारं उघडली. डॉक्टर धावत वर आले, आजोबा टॉवेल खांद्यावर घेऊन बाहेर, वरून काकू कठड्यावरून वाकलेल्या. "काय झालं ताई? कोण ओरडलं?" आणि मी म्हणाले, "हिला आवाज सहन होत नाहीत हो. मशीनचा, लिफ्टचा, सगळ्याचाच त्रास होतो. म्हणून."

म्हणून. जी तोंडातून शब्द काढून 'मी नाही' म्हणू शकत नाही, तिच्यावर ढकललं. ती हातात झाकण घेऊन तिथेच उभी होती. डॉक्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, "अरेरे, अकरा वर्षं लेकरू सोसतंय आणि आपल्याला पत्ता नाही." रविवारी बिल्डिंगची मीटिंग झाली. पार्किंगवरून एकमेकांची डोकी फोडायला उठणारी माणसं ही, गच्चीच्या किल्लीवरून दोन वर्षं अबोला धरलेली. पण त्या दिवशी कोणी आवाज म्हणून चढवला नाही. पंपाची वेळ दुपारी बाराची केली, ही शाळेत असते तेव्हाची. वॉचमनने फाटकाच्या चाकांना ग्रीस लावलं. चौथ्या मजल्यावरच्या मुलांनी जिन्यातून चप्पल हातात घेऊन उतरायला सुरुवात केली. आजोबांचा रेडिओ बंद झाला, आणि गुळण्या ते बाथरूममध्ये टॉवेलमागे तोंड धरून करू लागले, असं त्यांच्या सुनेने मला स्वतः सांगितलं आणि वर म्हणाली, "तेवढंच आपल्या हातून." काकूंची मशीन थांबली. कोणी माझ्याकडे काही मागितलं नाही, कोणी ऐकवलं नाही. भेटले की विचारायचे, कशी आहे आता? मी म्हणायचे, बरी आहे, तुमच्यामुळे. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते जिन्यात रोज दोनदा होत होतं, चढताना एकदा आणि उतरताना एकदा.

आणि तरीही मी सांगितलं नाही, त्याचं खरं कारण लाज हे नव्हतंच. कारण हे, की मला ते आवडलं. मीटिंगनंतरच्या पहिल्या रविवारी दुपारी मी आडवी झाले आणि कान टवकारून वाट बघत राहिले, की आता काहीतरी वाजेल. काही वाजलं नाही. खिडकीतून ऊन फरशीवर आलं होतं, ते सरकताना दिसत होतं. मला झोप लागली. दोन तास. ठकी जन्मल्यापासून दिवसाउजेडी अशी झोपल्याचं मला आठवत नाही. उठले तेव्हा गालावर उशीच्या शिवणीचा वळ होता आणि मी आरशासमोर उभी राहून तो कितीतरी वेळ बघत बसले, कोणी दागिना दिल्यासारखी. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात ना, तसं. खोटं बोलले एक वाक्य आणि अख्खी बिल्डिंग माझ्यासाठी हलक्या पावलांनी चालू लागली. नाव तेवढं ठकीचं होतं.

ठकीला पहिले दोन दिवस कळलंच नाही काय झालं ते. पाच वाजले की मान वर करून छताकडे बघायची. बिस्किटं हातात तशीच. भिंतीला कान लावायची, मग फरशीला, मग दाराला. रात्रीचं जेवण पंपावर अडलेलं, पंप वाजत नाही, म्हणून जेवण नाही. झोप फाटकावर अडलेली. मनगट चावायची. मी तिला जवळ घेऊन म्हणत होते, होईल गं सवय, होईल. तिसऱ्या दिवशी पाच वाजता तिने बिस्किटं खाली ठेवली, भिंतीला पाठ लावून बसली, आणि तोंडाने मशीन सुरू केली. टर्रर्र, टर्रर्रर्र, मग थांबून कापड फिरवल्याएवढी उसंत, मग पुन्हा टर्रर्र. अगदी काकूंसारखी, लांब शिवण, आखूड शिवण, दोरा तुटल्यावरचा गप्पपणा. साडेसहापर्यंत. मग गुळण्या, शेवटची लांब. मग पंप, घूंऽऽ, छातीतून, पंधरा मिनिटं. मग फाटक. तेवढं झाल्यावर मान हलवली, उठली आणि जेवली. मला आधी हसू आलं. दोनचार दिवसांनी कळलं की हसण्यासारखं नाहीये. सगळ्या बिल्डिंगने आपापलं काम टाकून दिलं होतं आणि ते एकट्या या पोरीच्या अंगावर पडलं होतं. एक दिवस चुकवेना. सुट्टी घेईना. ताप असताना सुद्धा बसली. तिचा गळा बसला, आवाज खरखरू लागला, तर ती अजून जोर लावून करायची, कारण खरखरणारी मशीन बरोबर नव्हे. आणि बाहेर जिन्यात लोकांना ते ऐकू जायचं आणि त्यांना वाटायचं, लेकरू अजून विव्हळतंय. मग ते आणखी गप्प व्हायचे. इकडे ही आणखी कामाला. आगीतून उठून फुफाट्यात, आणि आग लावणारी मी मधे बसून चहा पितेय.

तर आज सव्वाचारला गाडी आली. ठकी उतरली, दप्तर माझ्याकडे दिलं, लिफ्टपाशी गेली. तिला वाटलं होतं, निदान ही एक तरी आहे. जाळी सरकवली, टेकली. तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे ती फारशी बघत नाही, डोळ्यांत तर नाहीच, म्हणून आज पाहिलं ते मला लागलं. पुन्हा सरकवली. पुन्हा. वरून कोणीतरी लिफ्टसाठी बटण दाबून वाट बघत होतं, चकार शब्द नाही, अशी चांगली माणसं. सात वेळा सरकवून झाल्यावर तिने ट्यूबच्या पट्टीवर बोट फिरवलं, नखाने टोक उचकटायचा प्रयत्न केला, पण डॉक्टरांनी चिकटवलेलं ते, दाढेत भरल्यासारखं बसलेलं. मग तिने छाती भरून घेतली आणि 'ढॅण्ण' केलं. तेही निम्मं फाटलं. लिफ्टमध्ये ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. तिची मान बारीक झालीय, मणके दिसतात. मी मनात म्हटलं, आज. आज सांगायचंच.

पाच वाजता ती बसली. सव्वापाचला दारावर अगदी नखाने वाजवल्यासारखी टकटक झाली. डॉक्टर. एका हातात सोल्यूशनची ट्यूब, खिशात स्क्रू-ड्रायव्हर, चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखा भाव. कुजबुजत म्हणाले, "जाळी बघितलीत? कशी वाटली?"

"बघितली. खूप केलंत हो डॉक्टर."

"छे छे, खूप कसलं." आतून टर्रर्र आलं, मधे तुटलं, खोकला आला, पुन्हा टर्रर्र. डॉक्टरांचा चेहरा पडला. "अजून त्रास होतोच आहे का हो? कुठून येतोय आवाज? मी परवापासून कान देऊन ऐकतोय, मला तर काही सापडत नाही. गच्चीवरच्या टाकीत पाणी पडतं तो असेल? पाइप खाली उतरवून टाकतो मी. तुम्ही फक्त सांगा."

हीच वेळ होती. वाक्य तयार होतं, बसमध्ये घासून पुसून ठेवलेलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. सत्तरीचा माणूस, गुडघ्यावर बसून दुपारभर जाळीला रबर चिकटवलेलं, पँटवर गुडघ्यांना धूळ तशीच. भीक नको पण कुत्रं आवर, असं यांना म्हणायचं? मी म्हणाले, "नाही हो, टाकी राहू दे. बरी आहे ती." ते म्हणाले, "संकोच करू नका बरं का," आणि पायाचा आवाज होऊ नये म्हणून जिना कठडा धरून एकेक पायरी उतरले. मी दार लावलं. दाराला पाठ लावून उभी राहिले आणि स्वतःला नाही नाही ते बोलले.

वळले तर ठकी थांबली होती. पाचच्या मशीनमध्ये इतकी मोठी उसंत कधी नसते. ती हातावर थुंकली होती आणि तळहाताकडे बघत होती. थुंकीत लाल धागा. फार नव्हता, शिवणीतून सुटलेल्या दोऱ्याएवढा. तिने तो फ्रॉकला पुसला, भिंतीला पाठ टेकली, आणि पुन्हा तोंड उघडलं. आता नुसती हवा येत होती. आवाज येत नव्हता, पण ओठ चालू होते आणि मान चालू होती. तिचं ते बिनआवाजाचं काम मला बघवेना. मी चपलाही न घालता बाहेर पडले आणि वर गेले.

काकूंचं दार नुसतं लोटलेलं होतं. काकू म्हणजे साठीच्या, एकट्या, जाड काचांचा चष्मा. पलंगावर शाळेच्या गणवेशांचा ढीग, निळे स्कर्ट, पंधरा-वीस तरी असतील, आणि त्या खिडकीशी बसून हाताने शिवत होत्या. हाताने! प्रत्येक बोटाला चिकटपट्टी. कोपऱ्यात मशीन चादर टाकून झाकलेली, तिच्या चारी पायांखाली घड्या घालून गोधडी ठेवलेली, म्हणजे आधी तेही करून पाहिलेलं. मी उंबऱ्यातच म्हणाले, "काकू, मशीन चालवा."

त्यांनी वर बघितलं नाही. "आत ये आधी. अनवाणी का आलीस?"

"काकू, ठकीला मशीन हवी आहे. तिला आवाजांचा त्रास नाही, कधीच नव्हता. ती आवाजांशिवाय जगूच शकत नाही. खाली तोंडाने मशीन काढतेय, आता घशातून रक्त आलं. मी खोटं बोलले. त्या दिवशी ती ओरडली नव्हती. मी ओरडले होते."

झालं. मला वाटलं होतं, बोलून झाल्यावर काहीतरी कोसळेल. काकूंनी शिवण संपवली, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला.

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक आहे?"

"तूच ओरडलीस ते. अगं, अकरा वर्षं तुमच्या डोक्यावर राहतेय मी. तुझी लेक ओरडते ती पोटातून ओरडते, आणि रागावली की ओरडते, झालं की मोकळी. तो आवाज तसा नव्हता. तो बाईमाणसाचा होता. मी कठड्यावरून वाकले तेव्हा तुझं तोंड मिटायचं होतं अजून."

मी त्या स्कर्टांच्या ढिगाजवळ खाली बसले. "मग मशीन का थांबवलीत?"

"तुझ्यासाठी थांबवली. आणि कोणासाठी?" चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला. "तू लेकीचं नाव सांगितलंस. म्हटलं, सांगू दे. बाईला स्वतःसाठी काही मागता येत नाही. पोराच्या नावाने मागते बिचारी. मिळाली ना झोप?"

मी मान हलवली. मग मला रडू आलं, नीट, नाक गळेपर्यंत. काकूंनी एक निळा तुकडा फेकला माझ्याकडे. "घे, उरलेलाच आहे. पण मला काय माहीत, लेकीला मशीन लागते ते? मला वाटायचं, ती तोंडाने करते ते मला चिडवते. दोन दिवस तर मी मनातल्या मनात रागावलेही तिच्यावर, आपण बोटं फोडून घ्यायची आणि ही नक्कल करतेय." त्या हसल्या. "हुबेहूब करते हो पण. दोरा तुटला की मी मधे थांबते, तेही."

"बाकीच्यांना माहीत आहे का?"

"मी काही दवंडी पिटली नाही. आजोबांना असावं, ते सगळं ऐकतात आणि बहिरे असल्यासारखे राहतात. डॉक्टरांना नाही. भोळा माणूस तो. त्यांना तूच सांग, पण आज नको, आज गुडघे दुखत असतील त्यांचे." मग त्या उठल्या, मशीनवरची चादर काढली, एकेका पायाखालची गोधडी ओढून बाजूला टाकली. "ठकीने मशीन बघितलीय का कधी?"

मी विचार केला. अकरा वर्षं. आजोबांच्या गुळण्या, पंप, ही मशीन, सगळं तिला भिंतीपलीकडून, छतापलीकडून. कशातून काय वाजतं ते तिला कोणी दाखवलं नव्हतं. दहा वर्षं दुसऱ्यांच्या मशीनमधला आवाज कुठून येतो ते सांगणाऱ्या मलाही कधी सुचलं नव्हतं. "नाही," मी म्हणाले.

"मग दे पाठवून वर. आणि तू खालीच राहा. दार लावून घे आणि पड."

"काकू, ती काहीतरी मोडेल. सुई असते. गणवेश द्यायचेत तुम्हाला."

"तू फार बोलतेस गं. तिने हात लावला तर सुई काढून ठेवते. जा."

ठकीला मी हाताला धरून वर आणलं. ती दारातच थांबली. काकूंनी तिच्याशी काही लाडेलाडे बोलणं नाही, ये बाळा नाही, काही नाही. त्या मशीनवर बसल्या, एक स्कर्ट सुईखाली धरला आणि पायडल मारलं. ठकीचं सगळं अंग ताठ झालं. मग ती पुढे गेली, हळूहळू, चाकाकडे, पट्ट्याकडे, काकूंच्या पायाकडे बघत, आणि मशीनच्या फळीवर तिने ती दोन बोटं ठेवली, माझ्या गळ्यावर ठेवली होती तशी. काकूंनी मला मानेनेच खुणावलं, नीघ.

खाली येऊन मी पडले. ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं होतं. उद्या डॉक्टरांकडे जायचं होतं. काय सांगायचं ते अजून जुळत नव्हतं. ती पट्टी काढा, एवढं तरी सांगता आलं असतं, तिच्यामागचं नंतर. घशाचं औषध आणायचं होतं. वर मशीन चालू होती, लांब शिवण, आखूड शिवण, आणि मी दात दाबून पडले होते, सवयीने, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की दाढेत काही शिरत नाहीये. मग मशीन थांबली. दोरा तुटला असेल. पण दोरा तुटल्याएवढा वेळ होऊन गेला. मी डोळे उघडले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग काहीच नाही, मी उठून बसले, चपला शोधू लागले, आता जावंच लागणार. तेवढ्यात टर्र. एवढंच. मग पुष्कळ वेळाने, टर्र. मग चाक उलटं गेल्याचा तो खट्ट आवाज, शिकाऊ माणसाकडून होतो तो, मग पुन्हा टर्र, टर्रर्र, अडखळत, थांबत, एकदा फार जोरात. मी कान देऊन ऐकलं. पायडलवरचा पाय काकूंचा नव्हता.

मी परत आडवी झाले. मशीन फारच वाईट चालत होती. मी भिंतीकडे तोंड केलं आणि झोपले.